सुहैलनंतर

पहाटे चारला मुराद बलूशी दार वाजवतो:
बाहेर ये, दत्ताजी, सुहैल आलाय.
जसा काही मस्कतच्या बसने पाहुणा उतरलाय.

दक्षिणेला, पाण्याच्या टाकीच्या वीतभर वर
एक ठिपका, ओला.
मी म्हणतो, हा तर आमचा अगस्ती.
हा उगवला की नद्यांचं गढूळ निवळतं.
तो म्हणतो, हा उगवला की रात्र गार होते.
तारा एकच. नेमून दिलेली कामं वेगळी.

गार वगैरे काही झालेलं नाही.
बनियन पाठीला चिकटलंय, चष्म्यावर वाफ.
पण मुराद हवेत बोट बुडवतो,
दूध कोमट झालं का बघावं तसं,
आणि म्हणतो: वळली.

मग खरंच वळते.
एका सकाळी तारेवर वेडे राघू,
इतके की तार झोळ खाते.
कुठून आले, कुठं निघाले,
त्यांना कोण कागदपत्रं विचारतंय.
तीन दिवस गावातल्या गांधीलमाश्या खाल्ल्या,
चौथ्या दिवशी तार मोकळी.

खसाब खजुराचे शेवटचे घड उतरतात.
तोफज्जल कमरेला दोर बांधून वर,
झाडालाच सिल्हेटीत शिव्या घालतो.
बोरीला बारीक फूल आलंय. इथे तिला सिद्र म्हणतात
आणि तिचा मध माझ्या पगाराला परवडत नाही.
गावभर वाळत्या तारल्यांचा वास:
इथले बैल मासे खातात.
हे भावाला फोनवर सांगितलं
तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, बाटतील की रे.

मी जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर.
मूळचा जतचा, खिलारांच्या दाव्यात पाय अडकून
पडत पडत चालायला शिकलेला.
म्हणून मुरादने बर्कला आधी माझ्याकडे आणला.
बर्क म्हणजे वीज. वय तेरा, वशिंड कलंडलेलं.
मी टॉर्च डाव्या डोळ्यासमोर नेला, मागे आणला.
बाहुली तशीच.
डावा गेलाय, म्हटलं. या मोसमात उतरवू नकोस.
मुरादने कपाळावर हात ठेवला.
बैलाच्या. स्वतःच्या नाही.

शुक्रवार, असरची नमाज झाल्यावर.
मैदान म्हणजे वाळू आणि वाळूभोवती टोयोटा,
टपांवर पोरं, हातात करक चहा.
शिंगाला शिंग, कपाळाला कपाळ.
जो मागे फिरला तो हरला, एवढाच कायदा.
दोन जोड्या झाल्या, तिसरीने कुंपण मोडलं,
एका म्हाताऱ्याची चप्पल हरवली ती सापडलीच नाही.

मग बर्क.
समोर सुवैकचा तांबडा, मान उखळासारखी.
मुराद मैदान ओलांडून त्याच्या मालकाकडे गेला.
काय बोलला ऐकू आलं नाही,
फक्त तळव्याने स्वतःचा डावा डोळा झाकून दाखवला.
त्या माणसाने दाढी खाजवली,
आणि आपल्या बैलाला अर्ध्या मैदानाचा वळसा घालून
उजव्या अंगाने आणलं.
कुणी टाळी वाजवली नाही.
चहा पिणाऱ्यांनी चहा प्यायला.

दोघांनी कपाळं टेकवली.
आता रेटतील. आता.
टेकवलेलीच राहिली.
वाळू उडेना, तोंडाला फेस येईना,
तांबडा नुसता श्वास सोडत होता बर्कच्या कानात.
सहा माणसं दोर धरून उभी
आणि ओढायला काही नाही.
टपावरचं एक पोर हसलं, मग सगळं मैदान,
पंचाने दोन्ही हात वर केले: जा घरी.

परतताना मुराद म्हणाला, हरला नाही.
नाही, मी म्हटलं.
जिंकलाही नाही.
नाही.
मागे हौद्यात बर्क उभा,
उजवा डोळा समुद्राकडे.
आम्ही खिडक्या उघड्या टाकून चाललो होतो.
एसी बंद आहे,
हे माझ्या सहमच्या चौकात लक्षात आलं.